इंग्रजी येतं, पण चुकतं: मधल्या टप्प्यावरच्या व्याकरणाचा सराव

माझ्या संध्याकाळच्या वर्गाला एक ठरावीक प्रकारची मंडळी येतात. ऑफिसचे ईमेल इंग्रजीत लिहितात, मीटिंगमध्ये बोलतात, सबटायटल लावून का होईना पण मालिका इंग्रजीत बघतात. काळ विचारले तर बाराही काळ तक्त्यासकट म्हणून दाखवतात. आणि पुढच्याच वाक्यात म्हणतात, 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.'

नियम पाठ असतो, तोंडात येत नाही. कौन्सिल ऑफ युरोपने २००१ साली भाषा शिकणाऱ्यांसाठी ए१ ते सी२ अशी सहा पायऱ्यांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यातल्या मधल्या दोन पायऱ्या म्हणजे बी१ आणि बी२. आपल्यातले बरेच जण इथे येऊन थांबतात आणि वर्षानुवर्षं थांबलेलेच राहतात, कारण अडत काहीच नाही. समोरच्याला कळतं, काम होतं. लॅरी सेलिंकर या भाषाशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये या प्रकाराला नाव दिलं, त्याचा मराठीत अर्थ 'अश्मीभवन' असा होतो. चूक दगडासारखी घट्ट होते. ती फोडायची तर व्याकरणाचं पुस्तक पहिल्या धड्यापासून पुन्हा सुरू करून उपयोग नाही. मधल्या टप्प्यावरच्या आपल्या बहुतेक चुका आपल्याच मराठी वाक्यांतून उगवलेल्या असतात. कुठल्या मराठी वाक्यातून कुठली चूक उगवते ते शोधलं, की सराव नेमका होतो.

(या लेखात इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. तुमच्या वहीत ती रोमन लिपीतच लिहा.)

आधी स्वतःचा नमुना घ्या

फोनचं रेकॉर्डर सुरू करा आणि तीन विषयांवर प्रत्येकी दोन मिनिटं बोला. गेल्या रविवारी काय केलं. आत्ताच्या घरात किंवा नोकरीत कधीपासून आहात आणि तिथे काय चालू आहे. तिसरा विषय, दहावीनंतर वेगळा रस्ता घेतला असता तर काय झालं असतं. हे विषय उगाच निवडलेले नाहीत. पहिल्यात साधा भूतकाळ येतो, दुसऱ्यात 'पासून' येतं, तिसऱ्यात 'असतं तर' येतं, आणि आपल्या निम्म्या चुका या तीन ठिकाणीच दबा धरून बसलेल्या असतात. मग अलीकडे कोणीतरी तुम्हाला काय सांगितलं, यावर दीडशे शब्द लिहून काढा. शब्दकोश नको, गूगल नको.

एक दिवस जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग ऐकून ते जसंच्या तसं उतरवून काढा. कंटाळवाणं काम आहे, स्वतःचा आवाज ऐकवत नाही, पण हे टाळू नका. उतरवताना निम्म्या चुका तुमच्या तुम्हालाच दिसतील. उरलेल्यांसाठी इंग्रजी चांगलं असलेला मित्र, शिक्षक, नाहीतर एखादं चॅटबॉट चालेल. चॅटबॉट वापरणार असाल तर त्याला दुरुस्त करायला सांगू नका. 'चुकीच्या जागी फक्त खूण कर, बरोबर वाक्य देऊ नकोस' असं सांगा. सगळं दुरुस्त होऊन समोर आलं की आपण मान डोलावतो आणि पुढे जातो. बरोबर उत्तर आपण काढावं लागतं, तरच ते डोक्यात राहतं.

चार रकान्यांची वही

आता एक वही घ्या आणि पानावर चार रकाने आखा. पहिल्यात तुमचं चुकलेलं वाक्य. दुसऱ्यात बरोबर वाक्य. तिसऱ्यात ते वाक्य बोलताना मनात आलेलं मराठी वाक्य. चौथ्यात नियम, एका ओळीत, तुमच्या शब्दांत.

तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि सगळे तोच मोकळा सोडतात. 'आय डिडंट वेंट' का म्हणालो? कारण मनात होतं 'मी गेलो नाही'. मराठीत नकार आला तरी क्रियापद भूतकाळातच राहतं. इंग्रजीत भूतकाळ 'डिड'ने उचललेला असतो, म्हणून 'गो' मूळ रूपात परत जातं. हे एकदा तिसऱ्या रकान्यात दिसलं की 'डिडंट केम', 'डिडंट टोल्ड', 'डिडंट बॉट' या सगळ्या चुका एकाच मुळावरच्या फांद्या आहेत हे कळतं.

वर्गातल्या वह्यांमध्ये वर्षानुवर्षं तीच तीच मुळं निघतात. त्यांतली मोठी मुळं पुढे घेतो.

'पासून'चा घोटाळा

'मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतो.' 'मी २०१९पासून पुण्यात राहतो.' मराठीला दोन्हीकडे 'पासून' चालतं आणि क्रियापद वर्तमानकाळात. इंग्रजीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत 'किती?' असा प्रश्न विचारून उत्तर मिळत असेल (किती वर्षं? पाच) तर 'फॉर'. 'केव्हापासून?' असं विचारून उत्तर मिळत असेल (२०१९, सोमवार, लग्न झाल्यापासून) तर 'सिन्स'. दोन्हीकडे क्रियापदाबरोबर 'हॅव' येतं: 'आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स.'

एक बारकावा बहुतेकांकडून निसटतो. 'आय लिव्ह्ड इन सांगली फॉर थ्री इयर्स' म्हणजे आता तुम्ही सांगलीत नाही. 'आय हॅव लिव्ह्ड इन सांगली फॉर थ्री इयर्स' म्हणजे अजून तिथेच आहात. मुलाखतीत जुन्या कंपनीबद्दल 'हॅव वर्क्ड' म्हणालात तर समोरचा गोंधळतो: सोडलीय की नाही?

सराव असा करा. स्वतःबद्दलची दहा खरी वाक्यं लिहा: घर, नोकरी, गाडी, चष्मा, मधुमेह, जिमची सवय, जे काही असेल ते. प्रत्येक वाक्य एकदा 'फॉर' घालून आणि एकदा 'सिन्स' घालून मोठ्याने म्हणा. पुस्तकातल्या जॉन आणि मेरीची वाक्यं भरून काही होत नाही. मधुमेह तुमचा आहे, वाक्यही तुमचंच हवं.

याच पानावर पुढची चूक सापडेल. मराठीत 'मी कालच पैसे भरलेत' हे अगदी सहज येतं. 'भरलेत' म्हणजे 'हॅव पेड' आणि 'काल' म्हणजे 'यस्टर्डे', म्हणून 'आय हॅव पेड यस्टर्डे'. इंग्रजीत वाक्यात संपलेली वेळ आली (काल, गेल्या आठवड्यात, २०१५ मध्ये) की 'हॅव' बाहेर पडतं: 'आय पेड यस्टर्डे.' वेळ सांगितलीच नाही तर 'आय हॅव पेड.' आपण 'ऑलरेडी' आणि 'जस्ट'बरोबर 'हॅव' शिकतो, ते ब्रिटिश वळण. अमेरिकेत 'आय ऑलरेडी एट' सर्रास बोलतात. तिकडच्या नातेवाइकाने असं म्हटलं तर त्याला दुरुस्त करायला जाऊ नका.

'तर' आणि 'असतं तर'

इथे थोडं रेंगाळू, कारण मराठी इथे मदतही करते आणि पायही ओढते.

मदत आधी. 'लोकल चुकली तर मी रिक्षाने जाईन.' लोकल अजून चुकलेली नाही, तरी आपण 'चुकली' म्हणतो, 'चुकेल तर' म्हणत नाही. म्हणजे अटीच्या भागात भविष्यकाळ घालायचा नाही, हे मराठी माणसाला आतून माहीत असतं. इंग्रजीतही तिथे 'विल' येत नाही: 'इफ आय मिस द ट्रेन, आय विल टेक ॲन ऑटो.' 'इफ आय विल मिस' असं कधी म्हणालात तर स्वतःच्या मराठीची आठवण ठेवा.

आता पाय ओढणं. 'माझ्याकडे पैसे असते तर मी फोन घेतला असता.' हे आत्ताबद्दल आहे की तेव्हाबद्दल? मराठी वाक्य दोन्हींसाठी एकच. संदर्भावरून कळतं, आणि आपल्याला कधी अडतही नाही. इंग्रजी मात्र आधी विचारतं: आत्ता की तेव्हा?

आत्ता: 'इफ आय हॅड द मनी नाऊ, आय वुड बाय द फोन.'
तेव्हा: 'इफ आय हॅड हॅड द मनी देन, आय वुड हॅव बॉट द फोन.'

'हॅड हॅड' बघून हसू येतं, पण ते बरोबर आहे. आणखी एक गोष्ट: मराठीत 'असता' दोन्ही भागांत येतं ('केला असता तर पास झालो असतो'), म्हणून आपण इंग्रजीतही दोन्हीकडे 'वुड' ठोकतो: 'इफ आय वुड हॅव स्टडीड, आय वुड हॅव पास्ड.' नियम असा लक्षात ठेवा: 'इफ'च्या शेजारी 'वुड'ला जागा नाही. तिथे 'हॅड', आणि 'वुड हॅव' स्वल्पविरामाच्या पलीकडे.

सरावासाठी रोज एक मराठी 'असतं तर' वाक्य घ्या. त्यात एकदा 'आत्ता' घाला, एकदा 'तेव्हा' घाला, आणि दोन्ही इंग्रजीत करा. आठवडाभरात चौदा वाक्यं होतात. 'तेव्हा दादरला उतरलो असतो तर' अशी वाक्यं तुमच्याकडे भरपूर असतील. सगळ्यांकडेच असतात.

'समजत नाहीये' आणि बाकीची छोटी मुळं

'मला समजत नाहीये'मधलं 'ये' इंग्रजीत 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' होऊन बसतं. 'नो', 'अंडरस्टँड', 'बिलीव्ह', 'वाँट', 'नीड', 'बिलाँग' ही मनाची किंवा स्थितीची क्रियापदं सहसा 'इंग' घेत नाहीत. 'हॅव'चं दोन्ही आहे: 'आय हॅव टू ब्रदर्स', पण 'आय ॲम हॅविंग लंच'. भाऊ असणं ही स्थिती, जेवण चालू असलेली क्रिया.

'मी ठाण्यातच राहतो'मधला 'च' 'आय स्टे इन ठाणे ओन्ली' होतो. हे व्याकरणाने चूक म्हणण्यापेक्षा ओळखपत्र जास्त आहे, भारतात कोणालाच खटकत नाही. बाहेर बोलताना 'ओन्ली' गाळा आणि 'ठाणे'वर जोर द्या. 'ना?'चं 'इझंट इट' करण्याचंही तसंच. 'यू आर कमिंग, इझंट इट?' नव्हे, 'आरंट यू?'

'अपघात झाला'मधलं 'झाला' आपल्याला कर्मणी वाटतं, म्हणून 'ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपंड'. 'हॅपन'ला 'वॉज' लागत नाही.

'ला', 'शी', 'वर' यांचं शब्दशः भाषांतर करू नका, शब्द शेपटासकट पाठ करा: 'मॅरीड टू', 'अँग्री विथ', 'गुड ॲट'. ज्यांना शेपूट नाही, ती तशीच: 'डिस्कस द इश्यू', 'रीच द स्टेशन'. आणि 'मला समजावून सांग'चं 'एक्सप्लेन मी' नाही, 'एक्सप्लेन इट टू मी'.

'-ायला'साठी चहाची एक जोडी पुरते. 'चहा प्यायला थांबलो': 'आय स्टॉप्ट टू ड्रिंक टी.' 'चहा प्यायचा बंद केला': 'आय स्टॉप्ट ड्रिंकिंग टी.' पहिल्यात टपरी, दुसऱ्यात डॉक्टर. 'एन्जॉय', 'अव्हॉइड', 'फिनिश' यांच्यानंतर नेहमी 'इंग'. ईमेलच्या शेवटी लिहायचं 'लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू', 'टू मीट' नव्हे.

प्रश्नातला प्रश्न

'ऑफिस कुठे आहे?' आणि 'ऑफिस कुठे आहे ते सांगाल का?' मराठीत पहिलं वाक्य दुसऱ्यात जसंच्या तसं बसतं. म्हणून आपण 'कॅन यू टेल मी व्हेअर इज द ऑफिस?' म्हणतो. इंग्रजीत प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की त्याचा प्रश्नपणा संपतो आणि शब्दांचा क्रम सरळ होतो: 'व्हेअर द ऑफिस इज'. 'आय डोंट नो व्हाय ही डिड दॅट', 'व्हाय डिड ही' नाही.

कोणी काय म्हणालं ते सांगतानाही हीच अडचण. 'तो म्हणाला की तो येणार आहे.' मराठीत 'आहे' जागच्या जागी राहतं. इंग्रजीत काळ सहसा एक पाऊल मागे जातो: 'ही सेड ही वॉज कमिंग.' यासाठी दिवसभरातल्या गप्पाच वापरा. रोज रात्री दोन वाक्यं लिहा: आज कोण काय म्हणालं, कोणी काय विचारलं. कागाळ्या लिहायला सगळ्यांनाच आवडतं, त्यामुळे हा सराव सहसा चुकत नाही.

आर्टिकल सगळ्यात शेवटी

लोक आर्टिकलपासून सुरुवात करतात आणि तिथेच थकतात. मी उलट सांगतो: बाकीचं सुधारल्यावर इकडे या. 'अ' आणि 'द' पूर्ण बरोबर यायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो, आणि ते चुकल्याने अर्थाचा सहसा फारसा घोटाळा होत नाही.

तरी पाया आपल्याकडे आहे. आजीची गोष्ट आठवा: 'आटपाट नगर होतं. तिथे एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या.' पहिल्यांदा आला तो 'एक राजा', ओळख झाल्यावर 'तो राजा'. इंग्रजीत 'अ किंग', मग 'द किंग'. ऐकणाऱ्याला कोणता ते कळलंय का, एवढाच प्रश्न. फरक असा की मराठीत 'एक' गाळलं तरी चालतं, इंग्रजीत चालत नाही. 'मी इंजिनिअर आहे'चं 'आय ॲम ॲन इंजिनिअर' व्हायलाच हवं.

'अ' की 'ॲन' हे अक्षरावरून नाही, उच्चारावरून ठरतं. 'ॲन अवर', पण 'अ युनिव्हर्सिटी'. 'ॲन एमबीए', पण 'अ मास्टर्स डिग्री'. कानाने ठरवा.

सराव सोपा आहे. इंग्रजी वर्तमानपत्रातला सात-आठ ओळींचा उतारा वहीत उतरवताना सगळे 'अ', 'ॲन', 'द' गाळा. दोन दिवसांनी ते भरा आणि मूळ कात्रणाशी ताडून बघा. जिथे चुकलात तिथे 'ऐकणाऱ्याला माहीत होतं का?' हा प्रश्न विचारा.

उलटं भाषांतर

आजोबांच्या पिढीने भाषांतराचे धडे घोटून घोटून इंग्रजी कमावलं. मधल्या काळात ही पद्धत जुनाट ठरली. ती तेवढी टाकाऊ नव्हती, फक्त एकाच दिशेने चालायची. तुम्ही दोन्ही दिशांनी चालवा. चांगल्या, साध्या इंग्रजीतला एक परिच्छेद घ्या आणि त्याचं नैसर्गिक मराठी करा. वही मिटा. तीन दिवसांनी फक्त तुमचं मराठी समोर ठेवून त्याचं पुन्हा इंग्रजी करा, मग मूळ उताऱ्याशी ओळीला ओळ लावून बघा. फरक दिसेल तिथे दोनच शक्यता असतात: तुमचं वेगळं पण बरोबर, किंवा तुमचं मराठीच्या ओढीने चुकलेलं. दुसऱ्या प्रकारचं वाक्य सरळ चार रकान्यांच्या वहीत जातं.

बेंजामिन फ्रँकलिन तरुणपणी असंच काहीसं करायचा. इंग्रजी नियतकालिकातल्या लेखाच्या वाक्यावाक्याचा आशय टिपून ठेवायचा, काही दिवसांनी त्यावरून लेख पुन्हा लिहायचा आणि मूळ लेखाशी ताडून स्वतःच्या चुका काढायचा. त्याची तर मातृभाषाच इंग्रजी होती.

खोका आणि वेळापत्रक

वहीतल्या चुका वहीत पडून राहिल्या तर उपयोग नाही. झेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७२ मध्ये मांडलेली खोक्याची युक्ती इथे कामाला येते. बुटांचा रिकामा खोका घ्या आणि पुठ्ठ्याने त्याचे पाच कप्पे करा. प्रत्येक चुकीचं एक कार्ड करा: पुढच्या बाजूला मराठी वाक्य, मागे बरोबर इंग्रजी. नवीन कार्ड पहिल्या कप्प्यात. मोठ्याने, न अडखळता बरोबर आलं तर पुढच्या कप्प्यात, चुकलं तर कितव्याही कप्प्यात असलं तरी परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा दिवसाआड, तिसरा आठवड्यातून एकदा, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. दिवसाला पाचांहून जास्त नवी कार्डं घालू नका. उत्साहात पहिल्या रविवारी साठ कार्डं केलेले लोक मी पाहिलेत, पुढच्या रविवारी त्यांचा खोका माळ्यावर असतो.

रोज पंचवीस मिनिटं पुरतात. दहा मिनिटं खोका, दहा मिनिटं त्या आठवड्याच्या मुळावरची स्वतःची वाक्यं, पाच मिनिटं बोलणं. आठवड्याला एकच मूळ घ्या. 'पासून'चा आठवडा असेल तर मीटिंगमध्ये बोलताना फक्त 'फॉर' आणि 'सिन्स'वर लक्ष ठेवा, बाकी चुकलं तर चुकू द्या. सगळीकडे एकदम लक्ष ठेवायला गेलात तर तोंडच उघडणार नाही.

शाळेतल्या 'डू ॲज डायरेक्टेड'छाप प्रश्नांमागे वेळ घालवू नका. 'रिमूव्ह टू', 'चेंज द व्हॉइस' यात दुसऱ्याने लिहिलेलं वाक्य फिरवायचं असतं, वाक्य सुचण्याची सवय त्यातून लागत नाही. आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की लेखन आणि संभाषण या दोन्हींत व्याकरणाला पाव गुण असतात, आणि त्यात अचूकतेबरोबर वाक्यांची विविधताही बघतात. चुकू नये म्हणून सगळी वाक्यं चार शब्दांची ठेवलीत तरी गुण जातात. 'इफ' आणि 'विच' घेऊन लांब वाक्यं करायला शिका, भले सुरुवातीला त्यातली काही चुकोत.

सहा आठवड्यांनी त्याच तीन विषयांवर पुन्हा बोलून रेकॉर्ड करा. जुनं रेकॉर्डिंग त्याआधी ऐकू नका, नाहीतर तेच पाठ म्हणाल. नवं उतरवून काढल्यावरच दोन्ही शेजारी ठेवून चुका मोजा. काही मुळं गेलेली असतील. 'आय डिडंट वेंट' बहुधा सगळ्यात आधी जातं. काही तशीच असतील, त्यांची नवी वाक्यं करा आणि नवी कार्डं पहिल्या कप्प्यात घाला. जुनं कार्ड तेवढं फाडून टाका, कारण ते वाक्य आता पाठ झालंय आणि पाठ वाक्य बरोबर येणं म्हणजे चूक गेली असं नाही.